निळीची नळी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी बंदूकवाली. डबा भरताना नरेंद्र हेच म्हणून हसत होता. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथे एकेरी. वही माझी आहे.)

माझी कंपनी चाकणला गेली आणि मी अंबरनाथला घरी बसले. बसून बसून नरेंद्रच्या पोस्टातल्या सगळ्या मित्रांची दुखणी मला पाठ झाली होती. त्यातलेच एक हरिचंद्र सर. फौजेतून रिटायर झालेले हवालदार, नंतर काही वर्षं पोस्टात. बदलापूरला कात्रपमध्ये त्यांची शूटिंग रेंज आहे. दुसरा मजला, खाली दातांचा दवाखाना. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आधी एक डोळा, मग दुसरा. तोवर शिकाऊंचे वर्ग बंद. जुने मेंबर नुसते सरावाला येणार. त्यांच्यासाठी दार उघडायचं, नियम मोडू द्यायचे नाहीत आणि रायफली साफ ठेवायच्या, एवढं माझं काम.

रायफली हवेवर चालणाऱ्या, खेळाच्या. तीन म्हाताऱ्या आणि एक निळी. निळी म्हणजे निळ्या दस्त्याची, भारीतली. ती उल्हासनगरच्या धर्मेश रोहरांची. त्यांचा कॅम्प तीनला जीन्सचा कारखाना आहे. त्यांना स्वतःला आता वेळ मिळत नाही म्हणून त्यांनी ती क्लबला वापरायला दिली आहे. ती मुख्यतः अस्मितासाठी. अस्मिता नर्स आहे. पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा.

सरांनी जाता जाता दम भरला. "शालनताई, रायफल रिकामी असली तरी भरलेली समजायची. तोंड कायम टार्गेटकडे. साफ करण्याआधी उघडून बघायची, हवा सोडायची. आणि रोज साफ करायची. हत्यार आहे ते, भांडं नाही."

मी मनात म्हटलं, भांडी तर मी दिवसातून दोनदा घासते.

५ नोव्हेंबर, बुधवार

कपाटात साफसफाईचा डबा सापडला. त्यात तीन तुकड्यांची एक लोखंडी सळई, एकमेकांत फिरवून जोडायची. टोकाला तारेचा ब्रश. सरांना फोन करून विचारावं तर ते ऑपरेशन थिएटरमध्ये. मग केलं आपल्या अकलेने. चारही रायफली उघडून बघितल्या, हवा सोडली आणि पुढच्या तोंडातून सळई घालून बाटली घासावी तशा खसखसून घासल्या. निळीला जरा जास्तच, कारण ती भारीतली.

सळईचे जोड आत जाताना करकर वाजत होते. मला वाटलं, घाण निघतेय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अस्मिता ड्युटी संपवून थेट आली. निळी घेतली, मारायला लागली. छर्रे कुठेही. एक डावीकडे, एक खाली, एक तर काळ्या गोलाच्या बाहेर. ती रायफल खाली ठेवून नळीकडे बघत राहिली.

"काकू, कोणी काही केलंय का हिला?"

"साफ केली," मी म्हटलं. "चांगली घासून."

तेवढ्यात धर्मेश रोहरा आले. टेबलावरची सळई बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे भाभीजी! ये सरिया किसने डाला अंदर?"

मग त्यांनी समजावलं. नळीच्या आत बारीक आटे असतात, त्यामुळे छर्रा गिरक्या घेत सरळ जातो. नळीचं लोखंड मऊ असतं. कडक सळई, त्यात जोडाच्या कडा, आतल्या आट्यांना ओरखडे काढतात. "और सबसे बुरा, तुम्ही पुढून घातली. नळीचं तोंड म्हणजे लास्ट टच. वहां एक खरोंच आली ना, छर्रा बाहेर निघता निघता लात खातो."

"मग कशाने साफ करायची?"

"करायचीच नाही! मी तर कधीच नाही केली."

संध्याकाळी सरांना फोन लावला. एका डोळ्याला पट्टी, पण आवाज परेडचाच. "रोज साफ करायची! धर्मेश व्यापारी माणूस आहे, त्याचं ऐकू नका."

अस्मिताचं लग्न फेब्रुवारीत आहे, नाशिकला. तिला वाटतं ही शेवटचीच स्पर्धा. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेची निवड थोडक्यात हुकली होती. आणि मी तिची रायफल घासून ठेवली. जेवताना नरेंद्रला सांगितलं तर म्हणतो, "आधी बिघडलीय का ते तरी बघ. नुसतं रडून कसं कळणार?" कधी कधी बरं बोलतो.

९ नोव्हेंबर, रविवार

नरेंद्रला घेऊन रेंजवर गेले. मागून टॉर्च धरून नळीत बघितलं. आम्हा दोघांना काहीही कळलं नाही. गोल गोल चमकत होतं, एवढंच.

मग ठरलं की टेस्टिंग करायचं. सरांना फोन करून रीतसर विचारलं. ते म्हणाले, टेबलावर टेकवून मारा, म्हणजे हाताची चूक निघून जाईल आणि नळीचीच चूक तेवढी दिसेल. नरेंद्रच्या जुन्या पँटचा एक पाय कापला, त्यात वाळू भरून दोन्ही तोंडं शिवली. त्यावर निळी ठेवली.

आधी नरेंद्रने गोळ्या मारल्या. गव्हाच्या परातीत उंदीर फिरल्यासारखी भोकं. माझा जीव गेला. म्हटलं, संपलं, नळी गेली. तरी खात्रीसाठी मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा. मागच्या बारीक भोकातून पुढचं वर्तुळ बघायचं, त्या वर्तुळात काळा ठिपका. तो मधोमध येऊन थांबला की बोट नुसतं जवळ आणायचं. मजा वाटली, खोटं का बोला. दळण निवडताना मन कसं शांत होतं, तसं झालं.

टार्गेटचं कार्ड काढून आणलं. सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जातील एवढ्यात.

म्हणजे नळी वाचली! मला इतकं हायसं वाटलं की नरेंद्रला वडापाव खाऊ घातला. त्याच्या चष्म्याचा नंबर मात्र नक्की वाढलाय. डॉक्टरकडे न्यायला हवं. तो माझं कार्ड उलटंसुलटं करून बघत बसला होता आणि शेवटी त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, टाका ते. म्हणाला, राहू दे.

पण मग अस्मिताच्या गोळ्या का फिरतात? आत सळईचा चुरा राहिला असेल. काहीतरी मऊ साधन आणून नीट पुसून घ्यायला हवी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उल्हासनगर कॅम्प दोन पालथा घातला. पाय गेले, पण काय बाजार आहे! जे मागाल ते मिळतं आणि जे मागितलं नाही ते आधी दाखवतात.

पहिल्या दुकानात विचारलं, "रायफल की नली साफ करने को कुछ है?" दुकानातली सगळी माणसं गप्प. एक बाई पोराला घेऊन बाहेर गेली. मग मी सांगायला लागले की खेळाची आहे, हवेची आहे, माझा मुलगा पुण्याला इंजिनियर आहे. मुलाचं का सांगितलं कुणास ठाऊक.

त्यांनी दुधाच्या बाटलीचा ब्रश काढला. आत शिरणंच शक्य नाही. दुसरीकडे सायकलच्या ब्रेकची तार. मऊ वाकते, पण शेवटी पोलादच, शिवाय पिळाची. नको. एकाने पितळेची कांब दिली, समईवाल्यांकडची. म्हणाला, पितळ लोखंडापेक्षा नरम, घासणार नाही. पटलं होतं, पण तिथल्या तिथे मी कांबेवर बोट फिरवलं तर धूळ आणि धातूचा कीस बोटाला टोचला. नरम आहे म्हणूनच कचकच तिच्यात रुतून बसते. मग तीच घासणार. पुसून पुसून वापरली तर चालेल, पण मी एखाद दिवशी विसरेन. तीही ठेवून दिली.

शेवटी एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदारापाशी थांबले. त्यांनी मला आधी बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "साईं, सख्त चीज क्यों ढूंढ रही हो? धकेलना क्यों है, खींचो ना!"

आणि वरच्या फळीवरून एक गुंडाळी काढली. गवत कापायच्या मशीनला लावतात ती नायलॉनची जाड दोरी. गुळगुळीत, ताठ, तरी वाकणारी. नळीत सहज सरकेल आणि लोखंडाला काही करू शकणार नाही. मी तिथेच हसायला लागले. अख्खा दिवस मी सळई शोधत होते आणि हवी होती दोरी.

सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "फौजेत होती की अशी. वजन बांधलेली दोरी, तिला चिंधी. इकडून टाकायची, तिकडून ओढायची. सळई नंतर कुणीतरी आणून ठेवली डब्यात." कुणी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोरीचा लांब तुकडा कापला. एक टोक तिरकं, टोकदार केलं. दुसरं मेणबत्तीजवळ धरलं, वितळून मण्यासारखं झालं. नरेंद्रच्या जुन्या बनियनचे छोटे चौकोन कापले. टोक चौकोनातून ओवायचं, चौकोन मण्यापाशी जाऊन अडकतो. मागून, म्हणजे जिथे छर्रा घालतात तिथून दोरी आत सरकवायची, पुढच्या तोंडातून बाहेर आली की सरळ रेषेत ओढायची. नळीच्या कडेला दोरी घासू द्यायची नाही. चिंधी आतून पुसत येते.

पहिली चिंधी राखाडी. नंतरच्या फिक्या होत गेल्या. आवाज नाही, करकर नाही.

नरेंद्र शिलाई मशीनचं तेल घेऊन हजर. "एक थेंब टाक, गुळगुळीत होईल." सरांनी फोनवरूनच झापलं. दाबलेल्या हवेत तेल पेटू शकतं, म्हणे. तेलाची बाटली परत घरी.

१६ नोव्हेंबर, रविवार

धर्मेशभाईंनी कारखान्यातून पिशवीभर चिंध्या पाठवल्या. धुऊन आलेल्या जीन्सच्या, इतक्या मऊ की गालाला लावाव्यात. म्हटलं, नरेंद्रचे बनियन वाचले.

नळीत घालण्याआधी सहज एका चिंधीने चष्मा पुसला. काचेवर ओरखडे! उन्हात धरून पाहिलं तर बारीक रेघाच रेघा. चिंधी कागदावर झटकली. भुरकट बारीक चुरा. धर्मेशभाईंना फोन केला तर ते ओशाळले. "भाभीजी, वो तो पत्थर का पावडर होगा. जीन्स नरम करायला दगडांबरोबर धुतात ना. मी विचारच नाही केला." नवीन चष्मा त्यांनीच करून दिला, ऐकेचनात. कॅम्प तीनला त्यांच्या ओळखीच्या दुकानात मला स्वतः घेऊन गेले आणि दुकानदाराला सांगितलं, "ये हमारी आर्मरर मॅडम." आर्मरर म्हणजे हत्यारं राखणारी. मला तो शब्द फार आवडला. घरी येऊन नरेंद्रला दोनदा सांगितला.

तर चिंधी बनियनचीच.

साफ केल्यावर टेस्टिंगला बसले तर टेबलाचा पाय निखळला. मग उभं राहूनच मारलं. उभ्याने हात हलणार, तेवढं नळीला माफ, असं मनात धरलं होतं. पहिले दोनतीन छर्रे जरा इकडेतिकडे गेले (सर म्हणाले, पुसल्यानंतर नळी परत बसायला थोडे छर्रे लागतात). मग सगळे काळ्यात, एकमेकांना चिकटून. उभ्याने!

त्या नायलॉनच्या दोरीला तोड नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज साफ करायची की कधीच नाही, याचा निकाल मी माझ्यापुरता लावला. रोज पुसली तर रोजच पहिले छर्रे भरकटतात. आठवडाभर तशीच ठेवली तरी काही बिघडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने. सर आणि धर्मेशभाई दोघांनाही सांगितलं. दोघांनाही वाटलं की त्यांचंच खरं ठरलं.

पण अस्मिताचं कोडं सुटत नाही. मी दुपारी मारते तेव्हा निळी शहाण्यासारखी वागते. अस्मिता आली की भरकटते. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "बघ बाई, नळी तर बरी आहे," आणि दुपारचं माझं कार्ड दाखवलं.

ती कार्डाकडे बघतच राहिली. "काकू, हे टेबलावरून?"

"कसलं! टेबल मोडलंय ना."

"उभ्याने?" आणि ती हसायलाच लागली. खूप वेळ हसली. मला कळेना काय झालं. मग म्हणाली, "बरं, मी मारते, तुम्ही बाजूला उभ्या राहून बघा. नळी नको, मला बघा."

मी बघितलं. जे दिसलं ते सांगितलं. ती श्वास पूर्ण सोडायच्या आधीच बोट दाबत होती, घाईने, इंजेक्शन देऊन पुढच्या पेशंटकडे पळावं तशी. आणि छर्रा सुटल्या सुटल्या मान वर करून कुठे लागला ते बघत होती. मी म्हटलं, "सुटल्यावरही तिथेच राहा की जरा. भाकरी टाकली की लगेच उलटवतेस का?" रात्रपाळी करून आल्या आल्या मारत जाऊ नकोस, असंही म्हटलं. थोडं झोप, मग ये.

तिने पुढचं कार्ड मारलं. बरंच सुधारलं.

तरी मी सकाळी नळी पुसली होतीच, त्याचाही गुण असणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सर आले! काळा चष्मा, हातात काठी, दुसरा डोळा अजून धूसर. आल्या आल्या दोरी मागितली. बोटांनी चाचपली, मणी चाचपला, नखाने दाबून पाहिला. "कडा नाही ना कुठे? बरं. चिंधी घट्ट बसत नाही ना? अडकली आणि दोरी तुटली तर मग चिंधी काढायला सळईच घालावी लागेल." मी म्हटलं, सैल घेते, एक राहिली तर दुसरी चिंधी घेते, जोर करत नाही. त्यांनी मान डोलावली. हवालदाराची मान, फार हलत नाही.

"मारून दाखवा," म्हणाले.

"मी?"

"मला नीट दिसत नाही अजून. नळीची परीक्षा कोण घेणार?"

मारलं. मी मारत असताना ते टार्गेटकडे बघत नव्हते, डोकं कलतं करून नुसतं ऐकत होते. कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटं फिरवली, एकदा, परत एकदा.

"एकच भोक आहे? बाकीचे कुठे गेले?"

"सगळे त्यातच आहेत, सर. जरा मोठं झालंय बघा."

त्यांनी एकदम विचारलं, "तुमचं वय किती, शालनताई?"

मी सांगितलं. "आधारची झेरॉक्स आणून द्या. दोन फोटो पण."

"कशाला?"

"क्लबच्या कामाला."

आता साफसफाईवाल्या बाईचे दोन फोटो क्लबला कशाला लागतात? पण फौजी माणूस, कागदाशिवाय चैन पडत नाही. नरेंद्रला सांगितलं तर तो पेपरमध्ये तोंड घालून बसला होता, पेपर हलत होता. अलीकडे तो सरांकडे फार जातो, इडल्या घेऊन. त्यांचे डोळे मिटलेले, याची बडबड चालू. दोघांचं बरं जमतं.

७ डिसेंबर, रविवार

काल चैत्यभूमीला जाऊन आलो. समता सैनिक दलाची पोरं काय शिस्तीत उभी होती! आज पाय बोलतायत. रेंज बंद. सम्यकचा पुण्याहून फोन आला, "आई, ऑल द बेस्ट." कशाचं, विचारलं तर म्हणे असंच.

११ डिसेंबर, गुरुवार

मी रागावले आहे. प्रचंड.

आज रेंजवर सगळे जमले होते, सर, धर्मेशभाई, अस्मिता, आणि नरेंद्रसुद्धा. मला वाटलं सरांचा डोळा उघडला म्हणून पेढे असतील. पेढे होतेच. सर म्हणाले, "रविवारी उल्हासनगरला स्पर्धा आहे. पन्नाशीच्या पुढच्या महिलांच्या गटात तुमचं नाव दिलंय."

"माझं? कशासाठी?"

"मारण्यासाठी."

नरेंद्रने खिशातून माझी कार्डं काढली, सगळी, अगदी वडापावच्या दिवसापासूनची. हा माणूस ती इडल्यांबरोबर सरांकडे पोचवत होता! सरांना दिसत नव्हतं तर बोटं लावून वाचायचे, म्हणे. मी आल्या पावली जिना उतरले. दातांच्या दवाखान्याबाहेर बाकावर जाऊन बसले. आत कुणीतरी दाढ काढून घेत होतं, त्याचं ओरडणं ऐकून बरं वाटलं.

अस्मिता खाली आली. शेजारी बसली.

"मला न विचारता!" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"नाही म्हटलं असतं. मी रायफली पुसते. मी टेस्टिंग करते. ती निळी चांगली आहे, नळी स्वच्छ आहे म्हणून लागतात माझे. मी तिथे उभी राहिले आणि सगळ्यांसमोर भिंतीत मारले तर? क्लबची शोभा."

"काकू, निळीने मी पण मारते ना?"

तिला माझ्या बोलण्याचं वाईट वाटेल, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ती हसत होती. म्हणाली, "मी स्पर्धेत उभं राहायच्या आधी घाबरून उलटी करते. दर वेळी. तुम्ही बरोबर उभ्या असाल तर यंदा नाही होणार कदाचित."

मग हो म्हटलं. नरेंद्रशी मात्र आज बोलणार नाही. भाजी त्याला न आवडणारी केली आहे, कारल्याची.

१४ डिसेंबर, रविवार

आज लिहायलाच हवं.

उल्हासनगरच्या हॉलमध्ये सकाळपासून गर्दी. तिथे गेल्यावर कळलं की माझी आणि अस्मिताची बारी एकाच वेळी. निळी एकच! सरांनी माझी दुपारची समजली होती. नव्या डोळ्याने वाचताना चुकले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी निळी अस्मिताच्या हातात दिली. म्हटलं, "तुझी आहे. पुसलेली आहे. आणि छर्रा सुटल्यावर मान वर करू नकोस." ती काही म्हणणार होती, मी ऐकलं नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. रायफल नाही, तर मारायचंही नाही.

पण तिथे एक बाई बाकावर पाय पसरून चहा पीत होत्या. माझ्याच गटातल्या, आधीच्या बारीत मारून झालेलं. बनूबाई. बारवीकडच्या, होमगार्डमध्ये होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ए बाय, माझी घे ना. मी मारून बसलेय."

त्यांची रायफल जुनी, दस्त्याला चिकटपट्टी. मी विचारलं, "कधी साफ केली होती?"

"साफ? मी नाय कंदी केली. चालतेय ना! मंग तिचे पोटात हात कशाला घालाचा?"

मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "हत्यार तपासा, उघडून बघा, आणि उभ्या राहा." एवढंच.

उभी राहिले. सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्या सगळ्या उजवीकडे. मी मनात म्हटलं, घाण नळी, काय करणार. मग बनूबाई मागून मोठ्याने म्हणाल्या, "तिला जरा डावीकडं फिरव, ती उजवीकडं बघते!" पंचांनी त्यांना गप्प केलं. मी मागच्या भोकाचा खटका दोन घरं फिरवला. मग भोक, वर्तुळ, ठिपका. शेजारी अस्मिता. तिचा श्वास मला ऐकू येत होता, पूर्ण सोडत होती. त्या श्वासाला मी माझा श्वास लावला. नंतर मला हॉल, माणसं, नळी, काही आठवत नाही.

अस्मिता राज्य स्पर्धेला निवडली गेली. उलटी झाली नाही. तिची आई तिथेच रडायला लागली आणि फोनवर नाशिकवाल्यांना ओरडून सांगत होती की लग्नानंतर पण खेळणार म्हणावं, आत्ताच सांगून ठेवते. धर्मेशभाईंनी निळीला हार घातला. आमच्या गटात पहिल्या बनूबाई आणि त्यांच्या मागोमाग मी. मला मेडल घालताना नरेंद्रने एवढ्या जोरात शिट्टी मारली की पंचांनी त्यालाही गप्प केलं. कारलं त्याने माफ केलं असावं.

बनूबाईंचे आभार कसे मानायचे? मी म्हटलं, "बाई, तुमची रायफल निदान पुसून तरी देते." हो नाही करत त्या तयार झाल्या. पिशवीत दोरी होतीच. उघडून बघितलं, हवा सोडली, मागून दोरी घातली, पुढून हळू ओढली.

चिंधी काळीकुट्ट. नुसती काजळी. दुसरी तशीच. चौथीपर्यंत काळी. असली नळी मी आजवर पाहिलेली नाही. आणि याच नळीने मी रेंजवरच्या कुठल्याही कार्डापेक्षा चांगलं मारलं होतं.

मी ती चिंधी हातात धरून किती वेळ बसले होते. नरेंद्र शेजारी येऊन बसला. "काय झालं?"

"नळी घाण होती," मी म्हटलं.

"हं."

"फार घाण होती हो."

"हं," तो म्हणाला, आणि माझ्या हातातून चिंधी घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. एवढा शहाणा माणूस माझ्या घरात इतकी वर्षं आहे, आणि मी त्याला चष्म्याच्या डॉक्टरकडे नेणार होते.

१५ डिसेंबर, सोमवार

रेंज उघडली. सर आधीच येऊन बसले होते. मी पिशवी ठेवली, पदर खोचला आणि काल घरी येताना सगळ्या रस्त्याने डोक्यात होतं ते विचारलं.

"सर, शेवटची गोळी माझी नेहमी जराशी वर जाते. मी काय चुकते?"

सरांनी काळा चष्मा काढला. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "रायफल घ्या," म्हणाले. "उभ्या राहा. मी महिनाभर वाट बघतोय, तुम्ही हे विचारायची."